पेन्सिलीची सही

आई हेडमास्तरांना फक्त एक प्रश्न विचारायला गेली होती. तोच प्रश्न विचारून ती चौथ्यांदा परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून थोरलीनं हातातली वाळूची चाळण खाली ठेवली.

प्रश्न काही आभाळाएवढा नव्हता. पुढच्या वर्षाची माझी ऑर्डर येणार आहे का, एवढाच. सात वर्षं आई गावातल्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवत होती आणि सातही वर्षं तिची नोकरी तात्पुरतीच राहिली होती. सुट्टी लागली की नोकरी संपायची, शाळा उघडली की पुन्हा मिळायची. तीही लगेच नाही. ऑर्डरीचा कागद यायला पंधरा-वीस दिवस लागायचे आणि तेवढे दिवस आई बिनकागदाची शिकवायची. त्या दिवसांची हजेरी कुठल्याच पुस्तकात नसायची. मुलांचं नुकसान नको, असं हेडमास्तर म्हणायचे. आईचं नुकसान कुठे जाऊन पडतं, ते कुणी कधी शोधायला गेलं नाही.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा हेडमास्तर जेवत होते, नंतर या म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, वरून काही आलेलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, तुमच्यासारख्या किती जणी रांगेत उभ्या आहेत याची कल्पना आहे का तुम्हाला. आणि आज चौथ्यांदा त्यांनी मान वर न करता सांगितलं, की मोठ्या ऑफिसात जाऊन तुम्हीच विचारा. खोलीत एक खुर्ची रिकामी होती. म्हणजे रिकामी नव्हती, तिच्यावर हेडमास्तरांची पिशवी बसली होती. अर्धा तास पिशवी बसून राहिली आणि आई उभी.

"पिशवी उचलून खाली ठेवायची होतीस," थोरली म्हणाली.

"हो, आणि मग नोकरीपण खालीच ठेवायची," आई म्हणाली, आणि तिनं पदर कमरेला खोचला.

थोरलीला या वर्षी कंठ फुटलाय, असं बाबा म्हणायचे. ती आता दहावीत जाणार होती. वर्षभरापूर्वीपर्यंत पाहुणे आले की स्वयंपाकघरात पळणारी पोर आता दुकानदाराशी वजनावरून वाद घालून यायची आणि आल्यावर तो वाद पहिल्यापासून सगळ्यांना ऐकवायची. आई तिला दटावायची खरी, पण वाद कसा संपला हे ऐकल्याशिवाय हलायची नाही.

बाबा गवंडी होते. त्या उन्हाळ्यात त्यांना काम मिळालं होतं ते नेमकं शाळेच्याच कुंपणभिंतीचं. सुट्टीत सुरू झालेली भिंत शाळा उघडेपर्यंत फाटकाजवळ आणायची होती. त्यांच्या हाताखाली माल वाहणारी बाई पाय मुरगळून घरी बसली, दुसरी मिळेना, तेव्हा एके सकाळी आईनं काही न बोलता चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घमेलं उचललं. बाबा म्हणाले, अगं, शाळेच्या दारात? आई म्हणाली, शाळेच्या दारात मी सात वर्षं उभी आहे, आज काय नवीन.

तेव्हापासून तिघांचा दिवस असा जायचा. उजाडायच्या सुमाराला बाबा दोरी ताणायचे, भिंत सरळ आहे का ते ओळंबा सोडून बघायचे, कालच्या थरावर पाणी मारायचे. थोरली वाळू चाळायची आणि विटा भिजत घालायची. आई माल कालवायची. फावड्यानं मधे खळगा करायचा, त्यात पाणी, मग कडा आत ओढत राहायच्या. हे काम आई इतक्या मन लावून करायची की बाबांना हसू यायचं. अगं, तो माल आहे, त्याला पाढे यायला नकोत, असं ते म्हणायचे. दुपारी विटा हाताला चटके द्यायच्या. सिमेंटनं आईच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, रात्रीचं तेल सकाळपर्यंत टिकत नव्हतं. खडू धरायची दोन बोटं तर पार सोलवटली होती.

तिसरीत जाणारी धाकटी सावलीत बसून सगळ्यांवर मुकादमगिरी करायची.

मोठ्या ऑफिसात जायचं ठरलं त्या दिवशी आईनं बोटांना पट्ट्या लावल्या आणि शाळेची साडी नेसली. थोरली मागे लागून बरोबर गेली. दोन बस बदलून, उन्हात चालून, जिना चढून त्या पोचल्या तेव्हा कारकून नुकताच कुठेतरी गेला होता. तो नुकताच गेलेला माणूस दीड तासानं आला. वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. थोरलीनं भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती आणि हा इतकं गोड बोलायला लागला की भांडणाला धरायला जागाच मिळेना.

त्यानं समजावून सांगितलं. या वर्षी नवा नमुना आला आहे. शाळेनं लिहून द्यायचं, की या बाईंनी अमुक वर्ग वर्षभर स्वतंत्रपणे शिकवला. सोबत तपासलेल्या वह्या जोडायच्या. तसं पत्र आलं की ऑर्डर निघते. शाळेनं नुसती मदत केली असं लिहिलं, तर मग मदतनीस म्हणून नेमणूक. म्हणजे मुलं जेवताना लक्ष ठेवायचं, वर्ग झाडून घ्यायचे, अर्धा दिवस.

"पण मी सात वर्षं शिकवतेय," आई म्हणाली. "तुम्हीच तर दर वर्षी माझा कागद काढता."

"ताई, मला सगळं मान्य आहे. पण मी बघून काय उपयोग? कागदानं बघायला पाहिजे ना."

परतीच्या बसमध्ये आई खुशीत होती. वह्यांचंच तर काम, ती म्हणाली. वह्या काय, पोतंभर होतील.

दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर थोरली पोतं घेऊन चौथीतल्या मुलांच्या घरोघर फिरली. सुट्टीत वह्यांचे काय काय हाल होतात ते तिला त्या दिवशी कळलं. एका घरी गणिताची वही चुलीनं खाल्ली होती. एका आजोबांनी निबंधाच्या वहीचा वारा घ्यायला पंखा केला होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. तरी फिरून फिरून अकरा वह्या मिळाल्या. घरी येऊन तिनं त्या जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि पहिली उघडली.

पानाच्या तळाशी लाल शाईत झोकदार सही होती. ती आईची नव्हती.

तिनं पान उलटलं. पुन्हा तीच. दुसरी वही, तिसरी, अकरावी. जिथे तिथे ती लाल, शेपटीवाली सही. कायम गुरुजींची.

शाळेत हेडमास्तर सोडले तर एकच शिक्षक कायमचे होते, म्हणून मुलांनी त्यांचं नाव कायम गुरुजी ठेवलं होतं. चौथीचा वर्ग कागदोपत्री त्यांचा. ते दिवसभर हेडमास्तरांच्या खोलीत कॉम्प्युटरवर शाळेची माहिती भरत बसायचे आणि वर्ग आई सांभाळायची. हेडमास्तरांचा नियम असा, की तात्पुरत्या शिक्षकानं मुलांच्या वहीत शाई वापरायची नाही. आई पेन्सिलीनं तपासायची. चुकीखाली रेघ, बाजूला बरोबर शब्द, खाली तारीख आणि छोटीशी सही. शनिवारी वह्या गुरुजींकडे जायच्या आणि ते लाल सही ठोकायचे. पण एका पानावर दोन सह्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून शुक्रवारी मुलांनीच पेन्सिलीची सही पुसून टाकायची. त्याची पाळी लावलेली असायची, आज या बाकाची, पुढच्या शुक्रवारी त्या बाकाची. दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वह्यांना सगळ्या शाळांत पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला मंचावर कायम गुरुजी गेले होते. त्यांच्या गळ्यात हार पडला तेव्हा खाली बसलेल्या आईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या.

हे सगळं थोरलीला ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कोण विचार करतं? वह्या समोर पसरून ती बसली आणि हळूहळू तिचे कान तापायला लागले, कारण आणखी एक गोष्ट तिला आठवली होती.

ती स्वतः चौथीत होती तेव्हा पुसायला पाळी नव्हती. तेव्हा हे काम एकाच मुलीकडे होतं आणि ती मुलगी म्हणजे थोरली. तिच्याइतकं स्वच्छ कुणाला पुसता यायचं नाही. पान चुरगळायचं नाही, काळा डाग उरायचा नाही, खोडरबराचा चुरा ती फुंकर मारून उडवायची. गुरुजींनी एकदा सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं होतं, की बघा, काम असं करावं. त्या दिवशी ती घरी उड्या मारत आली होती. वर्षभर तिनं आपल्या आईची सही पुसली होती. दर शुक्रवारी, शिट्टी वाजवत.

आई हात धुऊन आत आली. तिनं वह्या पाहिल्या, थोरलीचं तोंड पाहिलं आणि ती समोर बसली.

"तुला माहीत होतं मी पुसायचे?" थोरलीनं विचारलं.

"माहीत नसायला काय झालं. वर्गात मीच होते की."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

आई एका वहीचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिली. "तुझ्याकडे तेव्हा ते कडक खोडरबर होतं," ती म्हणाली. "पान फाटलं असतं तर तुला ओरडा बसला असता. म्हणून तर मऊ आणून दिलं."

थोरलीला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर ते ठरेना. आईवर, गुरुजींवर, की त्या शिट्टी वाजवणाऱ्या नऊ वर्षांच्या गाढवीवर. बाबा दारात बसून थापी घासत होते. ते एवढंच म्हणाले, की मी बांधलेल्या भिंतीवर दुसऱ्यानं आपलं नाव घातलं, तर मी भिंत पाडीन. आई म्हणाली, तुमची भिंत पाडता येते, मी शिकवलेली मुलं कशी पाडू?

तरी आई आणि थोरली हेडमास्तरांकडे गेल्याच. वह्या घेऊन, शाळेची साडी नेसून. कायम गुरुजी कॉम्प्युटरपाशी होते. खुर्चीवर आज पिशवी नव्हती, खुर्चीच बाहेर नेऊन ठेवलेली होती.

आईनं सांगितलं की पत्र हवं आहे, चौथीचा वर्ग मी स्वतंत्रपणे शिकवला असं. हेडमास्तरांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खुर्ची हळूच वळवली आणि ते अगदी मायेनं बोलले. बाईंची मदत झाली, नाही कोण म्हणतं? मदत झालीच. पण वह्या तर मी तपासल्या, हे बघा, सगळीकडे माझी सही आहे. आता बाईंनी शिकवलं असं लिहायचं, तर मग मी वर्षभर काय केलं असा प्रश्न येईल.

"तोच प्रश्न आहे," थोरली म्हणाली.

आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला, पण थोरली आता कुठली थांबते. ती म्हणाली, "गुरुजी, त्या सह्यांच्या खाली आईची सही असायची. मी पुसायचे. तुम्ही मला शाबासकी दिली होतीत."

गुरुजी हसले. लहानपणीचं मुलांना कसं काहीही आठवतं, असं काहीसं ते हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तरांना मात्र हसू आलं नाही. मोठ्यांच्या बोलण्यात मुलीनं तोंड घालणं त्यांना आवडलं नव्हतं. त्यांनी आईला सांगितलं, की विषय वाढवू नका, मदत केली असं पत्र मी आत्ता देतो, मिळतंय ते घ्या. आणि मग, जाता जाता एखादी गोष्ट आठवावी तसं म्हणाले, "शिवाय बाई, तुम्हीपण विचार करा. शाळेच्या दारात तुम्ही डोक्यावर घमेलं घेऊन फिरता. पालक बघतात. उद्या म्हणतील, आमच्या मुलांना मजूर शिकवतो का?"

आईचा चेहरा थोरलीला बाजूनं दिसत होता. कानाजवळची शीर एकदा उडाली. आईनं टेबलावरच्या वह्या एकेक करून गोळा केल्या, कडा ठोकून सारख्या केल्या.

"मदतीचं पत्र नको," ती म्हणाली. "मी मदत केली नाही. मी शिकवलं."

बाहेर येऊन तिनं साडी बदलली नाही. तशीच घमेल्याकडे गेली, चुंबळ ठेवली आणि संध्याकाळपर्यंत माल वाहत राहिली. इस्त्रीच्या साडीवर सिमेंटचं पाणी ओघळत होतं.

पुढचे आठ दिवस घरात हाच विषय होता. बाबा एका रात्री जेवताना म्हणाले, की अर्धी तर अर्धी, घ्यावी का? पोरीचं दहावीचं वर्ष आहे. आईनं ऐकून घेतलं. तिलाही ते दिसत होतं, रोज दिसत होतं. पण मग ती म्हणाली की मी चौथीच्या वर्गात केरसुणी घेऊन गेले, तर मुलं उठून उभी राहतील आणि बाई म्हणतील. मी केर काढत असताना ती उभी राहतील. ते मला सोसायचं नाही. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शाळा उघडली. थोरलीच्या हायस्कूलला अजून आठवडा अवकाश होता. सकाळी मुलं नव्या दप्तरांनी आली, भिंतीजवळ थांबून बाई, बाई करायला लागली. आई माल कालवत होती. हेडमास्तर पायरीवर आले आणि दर वर्षीसारखं म्हणाले, चला बाई, वर्गावर जा, कागद येईल मागून.

"कागद आला की जाते," आई म्हणाली. फावडं चालूच होतं.

"अहो, मुलं बसलीत आत. चोपन्न मुलं आहेत. वर्ग कोण बघणार?"

"वर्ग ज्यांचा आहे ते आहेत की. मी तर मदतीला."

हेडमास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. त्यांना वाटत असावं की ती हसेल आणि हात धुईल. सात वर्षं ती तशीच वागली होती. आईनं घमेलं भरलं आणि बाबांकडे निघाली.

अर्ध्या तासानं कायम गुरुजी खडूची नवी पेटी घेऊन चौथीच्या वर्गात शिरले. वर्गाच्या खिडक्या भिंतीच्या बाजूलाच होत्या, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. आधी गुरुजींचा आवाज. मग मुलांचा. मग छडी टेबलावर आपटल्याचा. मग पुन्हा मुलांचा, पहिल्याहून मोठा. दुपारपर्यंत गुरुजींचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडल्याची चिठ्ठी आली, आठ दिवसांची रजा.

थोरलीला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. आईला मात्र तसं काही वाटत नव्हतं. आत गोंगाट वाढला की तिचे हात थांबायचे. घमेलं अर्ध्यावर धरून ती खिडकीकडे बघत राहायची, ओठ हलायचे. कुणीतरी आठाचा पाढा चुकीचा म्हणत होतं, आणि तिला ते ऐकून राहवत नव्हतं. एकदा तर ती चार पावलं वर्गाकडे गेलीदेखील. तेव्हा बाबाच म्हणाले, "माल वाळतोय." ती परत आली.

त्याच दुपारी एक मुलगी बाकावरून पडली आणि हनुवटी फुटली. ती रडत हेडमास्तरांकडे गेली नाही, सरळ भिंतीकडे आली. आईनं पिंपातलं पाणी घेऊन जखम धुतली, आपल्या बोटांसाठी ठेवलेली एक पट्टी काढून तिथे लावली, नाक पुसून दिलं, आणि तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं. दारापर्यंतच. उंबऱ्याच्या अलीकडून ती मागे फिरली.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः वर्गावर गेले. त्यांना शिकवण्याची सवय सुटून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण मधल्या सुट्टीत ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर खडूनं काढलेलं एक मांजर होतं. थोरलीला दिसलं, बाबांना दिसलं. बाबांनी विटेच्या आड तोंड लपवलं. कुणी सांगितलं नाही. तसेच ते गावातून घरी गेले.

आणि मग पोरांच्या आया यायला लागल्या. पहिली आली ती हनुवटी फुटलेल्या मुलीची. बाई बाहेर का आहेत, असं तिनं विचारलं. आईनं काही सांगितलं नसतं, म्हणून थोरलीनं सांगितलं, पहिल्यापासून, वह्यांसकट. संध्याकाळपर्यंत सात-आठ जणी येऊन ऐकून गेल्या आणि थोरलीनं प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा रंगवून सांगितलं. बायका भांडायला गेल्या नाहीत. त्या नुसत्या हेडमास्तरांच्या खोलीसमोर जाऊन बसल्या, शेतावर जायचे विळे शेजारी ठेवून, आणि आपापसात मोठ्यानं बोलत राहिल्या. मजूर म्हणे. आपण कोण आहोत मग? आपण शाळेत पोरं पाठवतो ती कुणाची आहेत? एक म्हणाली, माझ्या मोठ्या पोराला नाव लिहिता येतं ते त्या मजूरबाईमुळे, कायम गुरुजींना त्याचं नावच ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी दुपारी हेडमास्तर मोटारसायकल काढून गेले. पाचव्या दिवशी सकाळी ते मालाच्या ढिगापाशी आले. पॉलिश केलेले बूट वाळूत रुतत होते. हातात दोन कागद.

पहिला कागद शाळेच्या पत्राची प्रत होती. आईचे हात कोपरापर्यंत मालानं भरले होते, म्हणून तिनं थोरलीला वाच म्हणून सांगितलं. थोरलीनं मोठ्यानं वाचलं, जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. चौथीच्या खिडकीत डोकी गोळा झाली. सदर शिक्षिकेने इयत्ता चौथीचा वर्ग स्वतंत्रपणे शिकवला, असं त्यात होतं, आणि खाली हेडमास्तरांची सही. दुसरा कागद ऑर्डर. एका वर्षाची, तात्पुरती.

आईनं दोन्हींवर एकदा नजर टाकली. मग ती पिंपाकडे गेली आणि हात धुवायला लागली. सिमेंट नखांतून निघत नव्हतं. हेडमास्तर मागोमाग गेले. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांनी काखेतलं हजेरीपुस्तक उघडून पिंपाच्या झाकणावर ठेवलं आणि म्हणाले, की शाळा उघडल्यापासूनच्या सह्या करून टाका, मागच्या चार दिवसांच्यासुद्धा, म्हणजे वर्ष अखंड दिसेल, तुमचंच भलं आहे.

आई पदराला हात पुसत होती. ती थांबली.

"त्या चार दिवशी मी नव्हते."

"अहो, कोण बघतंय."

"कुणी बघत नाही हेच तर सात वर्षं चाललंय," आई म्हणाली. "दर वर्षी वीस-वीस दिवस मी होते, तेव्हा तुम्ही पुस्तक दाखवलं नाहीत. आता नव्हते, तर सही मागता. जिथे नव्हते तिथे मी सही करायची नाही. आणि आजपासून जिथे असेन तिथे पेनानं करणार."

हेडमास्तरांनी खिशाला हात लावला, पण आईनं त्यांचं पेन घेतलं नाही. तिनं खिडकीतल्या डोक्यांकडे बघून हात पुढे केला, आणि एकदम सहा-सात पेनं बाहेर आली. त्यातलं एक, टोपण चावलेलं निळं पेन तिनं घेतलं. मागचे चार रकाने कोरे सोडले. पाचव्यात पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, रकान्याबाहेर जाईपर्यंत. आणि ती वर्गात गेली.

चौथीचा वर्ग शांत झाला असं कुणाला वाटत असेल तर आईचा वर्ग त्यानं ऐकलेला नाही. पाच मिनिटांत चोपन्न मुलं आठाचा पाढा म्हणत होती, छत उडून जाईल अशा आवाजात. हेडमास्तर हजेरीपुस्तक काखोटीला मारून निघून गेले.

बाबा ओळंब्याकडे बघत होते. थोरलीनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घमेलं उचललं. ते तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होतं. मानेत कळ गेली, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. बाबांनी तिच्या डोक्यावरचं घमेलं उतरवून घेतलं.

"झालं म्हणायचं," ते म्हणाले.

"एका वर्षाचं झालं," थोरली म्हणाली. तिला अजून राग येत होता आणि तो जाऊ नये असंच तिला वाटत होतं. "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच. बाबा, फाटकाजवळचा तुकडा सोडून द्या. तो पुढच्या सुट्टीत बांधू. आईला बाहेर उभं राहायला काम तर हवं."

बाबांनी थापीनं माल पसरला, वीट बसवली, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकली. काम अर्धं टाकणारा माणूस नव्हता तो. आयुष्यात कधी टाकलं नव्हतं.

त्यांनी फाटकाच्या बाजूला एकदा निरखून पाहिलं.

"किती फूट सोडू?" त्यांनी विचारलं.